हिलालनाना एकदा फसले

आमच्या शेजारच्या हिलालनानांना सकाळी कुणी सहज विचारलं, "काय नाना, बरं आहे ना?" तर ते झाडांना पाणी घालायचा पाइप खाली ठेवतात, विचारणाऱ्याकडे नीट बघतात आणि म्हणतात, "काबर? काय आयकं तुमीन?"

म्हणजे, का विचारताय, काय ऐकलंत? लग्न होऊन मी नंदुरबारला आले तेव्हा या प्रश्नानं गांगरून गेले होते. नानांबद्दल खरंच काही ऐकण्यासारखं असावं, अशी माझी समजूत झाली. पुढे कळलं की ऐकण्यासारखं काहीही नाही, आणि नेमका त्याचाच नानांना संशय आहे.

नानांची नोकरी वीज खात्यात, मीटर तपासायची. साध्यासुध्या चेहऱ्याची माणसं मीटरला काय काय करतात हे बघण्यात उमेदीची वर्षं गेली. त्यातून त्यांचा एक सिद्धांत तयार झाला: जो जास्त हसतो त्याच्या छपरावर वीजचोरीचा आकडा असतो. दूधवाल्यानं एकदा मापावर दोन थेंब जास्त घातले, तर नानांनी त्याला दारातच थांबवलं. "जास्त काबर? काहीतरी शिजी ऱ्हायनं!" तेव्हापासून तो बिचारा त्यांना थेंबभर कमीच घालतो, आणि नाना निश्चिंत असतात.

या स्वभावापायी त्यांचं लग्नही राहिलं. एका घरी चहा फार गोड होता, म्हणजे मुलीत काहीतरी कडू असणार. एका घरी भिंतींना ताजा रंग होता, म्हणजे खाली ओल. शहाद्याकडचं एक स्थळ मात्र त्यांना मनापासून पसंत होतं. मुलगीही हसली होती. पण निघताना नानांची नजर ओसरीवरच्या मीटरकडे गेली. दुसऱ्या दिवशी ते त्याच घरी सरकारी जीप घेऊन हजर! मुलीच्या बापाला दंड झाला आणि स्थळ गेलं ते गेलंच. त्यानंतर नानांना मुलगी दाखवायची कुणाची छाती झाली नाही.

आता नाना निवृत्त आहेत. घरात ते, त्यांचे म्हातारे वडील आबा आणि आई जिजी. तिघांचा दिवस एकमेकांशी भांडण्यात बरा जातो.

एक दिवस जेवताना जिजी म्हणाल्या, "मले नावमा बसनं शे."

नानांचा घास हातातच राहिला. जन्मात काही न मागितलेली आई नावेत बसायचं म्हणते! "माय, तू ते पानीले भ्यास ना?"

"आते नई भ्यास," जिजी म्हणाल्या.

"अन् रेल्वेनी जाऊत," आबांनी जोडलं. "मोटरमा मन्हं कंबर दुखस."

नाना तडक आमच्याकडे आले. मी भाजी निवडत होते. "ताई, काहीतरी शिजी ऱ्हायनं. दोन्हीजन एकच बोली ऱ्हायनात. आजपावत कधी असं व्हयनं नई."

मी मान खाली घालून मेथी निवडत राहिले. कारण या वेळी खरोखरच शिजत होतं, आणि चुलीला फुंकर घालणाऱ्यांत मीही होते. जिजींच्या माहेरच्या नात्यातली इंदू नावाची भाची चिंचपाड्याला असते. अंगणवाडीत नोकरी, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. तिला गाडीत 'अचानक' भेटवायचं, दिवसभर सोबत ठेवायचं, पुढचं देव बघेल, असा जिजींचा बेत. घरी बोलावलं तर नाना तिच्या चपलासुद्धा उलट्या करून बघतील. गाडीतून आणि नावेतून मात्र माणूस उठून जाऊ शकत नाही. मी आधी नको म्हटलं होतं. तेव्हा जिजी म्हणाल्या, "आमना मांगे यान्हासंगे भांडाले तरी कोन शे?" मग मीही सामील झाले.

नानांनी सहलीची तयारी धाड घालायला जावं तशी केली. आधी एकटेच सोनगडला जाऊन उकाई धरणाच्या फुगवट्यावरची नाव बघून आले. नावाड्याला विचारलं, "ही कधी बुडाली होती का?" तो म्हणाला, "आतापर्यंत तर नाही, काका." घरी येऊन नाना मला म्हणाले, "'आतापर्यंत' म्हने! शब्द आयका ना?" मग बाजारातून जुन्या टायरच्या ट्यूबा आणल्या, प्रत्येकाला एक. सायकलचा पंप पिशवीत. आणि मला हुकूम: "तुमीन बी चला. साक्षीदार पाहिजे."

निघायच्या आदल्या दिवशी जिजींनी नानांना नवा सदरा आणून दिला, फिकट निळा. नानांनी तो उलटसुलट करून पाहिला, शिवण ओढून पाहिली आणि मुकाट्यानं घडी घालून ठेवला. मला जरा नवल वाटलं.

सकाळच्या पॅसेंजरमध्ये खिडकीपाशी जिजी बसल्या, समोर आबा. खांडबारा गेलं तसे दोघं खिडकीबाहेर डोकावायला लागले. चिंचपाडा आलं. गाडी अजून धड थांबली नव्हती, फलाटावर कोण आहे हेही दिसत नव्हतं, तोच जिजी ओरडल्या, "अवं माय! इंदू! तू आठे कशी?"

मी डोळे मिटून घेतले. जिजींच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. चष्मा लावूनही त्यांना ताटातलं मीठ दिसत नाही. आता नानांच्या तोंडून काय बाहेर पडतंय याची वाट बघत मी बसले.

डब्यात एक उंच, सावळ्या बाई चढल्या. हातात डबा. नाना उठले, आपली जागा त्यांना दिली आणि म्हणाले, "बसा."

बस्, एवढंच. जिजींनी आबांना कोपरानं ढोसलं. नवापूरला अर्धा फलाट महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत म्हणून नानांनी चहा घ्यायला नकार दिला. त्यांच्या मते अशा ठिकाणी तक्रार कुठे करायची हेच ठरत नाही. पण तेही नेहमीच्या जोरानं नाही. इंदूताईंनी डब्यातल्या पुऱ्या दिल्या, त्या त्यांनी वास न घेता खाल्ल्या. मला वाटलं, जमलं बाई!

सोनगडला उतरून काठावर पोचलो, तेव्हा नानांनी घाम गाळत ट्यूबा फुगवल्या. नावेत आबा आणि जिजी गळ्यात काळे हार घातल्यासारखे बसले. पाणी संथ होतं. जिजी एका हातानं फळी घट्ट धरून दुसऱ्या हाताची बोटं पाण्यात बुडवत होत्या आणि लहान पोरीसारख्या हसत होत्या. नावाड्याच्या मागच्या फळीवर आम्ही तिघं. इंजिनाच्या आवाजात पुढच्यांना मागचं काही ऐकू जात नव्हतं.

इंदूताई नानांना म्हणाल्या, "दादा, स्पष्ट बोलते, राग मानू नका. मला कशासाठी बोलावलंय ते मला ठाऊक आहे. आत्याला नाही म्हणवेना म्हणून आले. पण मला आता दुसरं घर नको. माझं अंगण आहे, शेळ्या आहेत, पोरं आहेत अंगणवाडीतली. माझं बरं चाललंय."

नानांनी मान डोलावली. "बरं करं सांगं ते," ते म्हणाले. मग गळ्यातली स्वतःची ट्यूब काढून त्यांनी इंदूताईंपुढे धरली. त्यांच्यासाठी ट्यूब आणलेलीच नव्हती. "घाला. मले पोहता येस."

नानांना पोहता येत नाही.

परतीच्या गाडीत चिंचपाड्याला इंदूताई उतरल्या. नाना त्यांचा डबा घेऊन फलाटापर्यंत गेले, हात जोडले आणि परत येऊन बसले. गाडी हलताच जिजींनी विचारलं, "काय म्हने रे?"

"इचार करीसन सांगसू म्हने," नाना म्हणाले.

जिजींचा चेहरा असा उजळला की मला बघवेना. त्यांनी आबांच्या कानात काहीतरी सांगितलं, आबांनी मान डोलावली, आणि थोड्याच वेळात दमलेले ते दोघेही बसल्या बसल्या झोपले.

मी हळूच म्हटलं, "नाना, त्या तर नाही म्हणाल्या."

"मन्हा कान शाबूत शेतस."

"तुम्हाला आधीच कळलं होतं?"

"माय सदरा लई उनी तवयच समजनं."

"मग आलात कशाला?"

नानांनी झोपलेल्या दोघांकडे पाहिलं. बाहेर कापसाच्या शेतांवरचं ऊन उतरत होतं. "त्यास्ले वाटी ऱ्हायनं व्हतं, पोऱ्याकरता काहीतरी करी ऱ्हायनूत. करू दिधं."

"आणि जिजींना खोटं सांगितलंत ते?"

"वाट पाहानारं मानूस टिकस, ताई."

समोर आबांची हनुवटी छातीवर टेकली होती, तोंड उघडं पडलं होतं. गाडी एका वळणावर हलली, तरी ते जागे झाले नाहीत. नाना पुढे वाकले आणि हाताचा पालथा पंजा आबांच्या नाकापाशी धरून थांबले. हाताला श्वास जाणवला असावा. त्यांनी हात काढून तो जिजींच्या नाकापाशी नेला, आणि मग मागे टेकून बसले. खांडबारा यायच्या आत त्यांनी असं आणखी दोनदा केलं.