विदोसावाचं कडवं

"शाम्पू लाव, चोळ आणि धुऊन टाक. एवढंच करायचंय, रातोमिर. डोकं लढवू नकोस," न्हाणीघरातल्या स्टुलावर बसत विदोसावा म्हणाली. तिचा उजवा हात प्लॅस्टरमध्ये होता. रविवार, त्यामुळे पार्लर बंद. आणि अकरा वाजता नीश शहरातल्या गायनस्पर्धेला जाणारी तिच्या गायनवृंदाची बस दाराशी येणार होती. बावीस वर्षं मागच्या रांगेत काढल्यावर तिला पहिल्यांदाच एकटीने गायचं कडवं मिळालं होतं.

पण डोकं लढवणार नाही तो रातोमिर कसला! रेल्वेतून निवृत्त झाल्यापासून त्याच्या डोक्याला दुसरा उद्योगच नव्हता.

"या बाटल्यांत नुसती रसायनं असतात गं. माझी आई अंड्याचा बलक लावायची. शेवटपर्यंत केस कमरेखाली होते तिचे."

"तुझ्या आईला अकराची बस नव्हती."

तरी त्याने दोन अंडी फोडलीच. बलक अगदी मन लावून चोळला. इथवर ठीक होतं. पण बायकोला गारठा बाधू नये म्हणून त्याने चांगलं कढत पाणी सोडलं. विदोसावा किंचाळली, आणि अंडी केसांतच शिजली.

"कसला वास येतोय?"

"कुठे काय?"

"रातोमिर, ऑम्लेटचा वास येतोय!"

पिवळे कण कंगव्याने वेचण्यात वीस मिनिटं गेली. मग त्याने निमूटपणे बाटली घेतली. वाफेने चष्मा धुरकटला होता म्हणून तो काढून ठेवला. फेस काही येईना. त्याने आणखी ओतलं, आणखी चोळलं. अर्धी बाटली संपली तेव्हा विदोसावाने मान वर करून पाहिलं.

"अरे देवा, हे कंडिशनर आहे! हे शाम्पूनंतर लावतात, तेही नुसतं टोकांना!"

"मग बाटल्या सारख्या कशाला करतात?"

"अडतीस वर्षं त्या तुझ्या दाढीच्या सामानाशेजारी आहेत." तिने डोळे मिटले. "ऐक. पाणी कोमट. शाम्पू अक्रोडाएवढा, आधी तळहातावर पसरायचा. मुळांशी बोटांनी चोळायचं, नखांनी नाही. धुवायचं, आणि पुन्हा एकदा."

या वेळी त्याने तसंच केलं. फेस आला, केस स्वच्छ निघाले. आणि तेवढ्यात खाली हॉर्न वाजला.

विदोसावाने डाव्या हाताने कसाबसा रुमाल गुंडाळला आणि ती दाराकडे निघाली. रातोमिर दारात आडवा उभा राहिला.

"ओल्या डोक्याने? बसच्या खिडक्या समोरासमोर उघड्या असतात! वारा आरपार जातो. माझा मामा असाच गेला."

"तुझा मामा दारूने गेला."

"दारू तो जन्मभर पीत होता. गेला तो वाऱ्याने!"

खालून मैत्रिणीच्या, ल्युबिंकाच्या हाका येत होत्या. रातोमिरने खिडकीतून ओरडून सांगितलं, "केस ओले आहेत तिचे!" बसमध्ये एकच हलकल्लोळ झाला. ओल्या डोक्याला आरपार वारा लागला की माणूस जातो, यावर त्या गावात कोणी वाद घालत नाही. "अगं बाई, ओल्या केसांनी? नको गं येऊस, जिवापेक्षा का गाणं मोठं आहे!" ल्युबिंका कळवळून म्हणाली. "तुझं कडवं मी सांभाळून घेईन."

बस गेली. विदोसावा बराच वेळ बंद दारासमोर उभी होती. ती भांडली असती तर रातोमिरला बरं वाटलं असतं.

दुपारी स्वयंपाकघरात रेडिओवर स्पर्धा लागली. कडवं आलं तसा ल्युबिंकाचा आवाज ऐकू आला, जरा घाईचा. विदोसावा टेबलाकडे पाहत तिच्याबरोबर हळूच गाऊ लागली. रातोमिर ऐकत राहिला. आजवर हा आवाज भिंतीपलीकडून आला की तो "जरा हळू" म्हणून ओरडायचा. आता त्याला वाटलं, हे आपण कधी समोर बसून ऐकलंच नाही. फार चुकलं आपलं.

गाणं संपलं. रेडिओवर टाळ्या पडल्या. रातोमिरनेही विदोसावासाठी जोरजोरात टाळ्या वाजवल्या.

विदोसावाने त्याच्याकडे पाहिलं, मग रेडिओकडे.

"आवडली ना तुला ल्युबिंका?" ती म्हणाली, आणि उठून आत गेली.