चारशे बारा नंबरचे दोन कोट

दुसऱ्यांनी बनवलेल्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधून काढायचा मला पगार मिळतो. थोडक्यात, नावं ठेवणं हा माझा पोटापाण्याचा धंदा! माझ्या नजरेतून सुटेल अशी चूक अजून जन्माला यायची आहे, असं मी ऑफिसात रोज सांगतो. लोक ऐकूनही घेतात. डबा संपेपर्यंत त्यांना उठता येत नाही.

तर अशा माणसाच्या सासऱ्यांची लाँड्री असावी आणि तिथे हाताने नंबर टाकलेल्या चिठ्ठ्या कपड्यांना टाचल्या जाव्यात, हे मला कसं बघवणार? शंभरापर्यंत नंबर गेले की पुन्हा एकपासून सुरू! महिन्यातून एखादा शर्ट भलत्याच अंगावर जायचा.

"बाबा, मी तुम्हाला डेटाबेस करून देतो," मी म्हणालो. "कपडा नोंदवला की पुढचा नंबर आपोआप पडणार. एकदा दिलेला नंबर पुन्हा कुणालाही मिळणार नाही. जगबुडी झाली तरी नाही!"

"जगबुडीत कपडे कोण धुवायला टाकतंय?" सासरेबुवा म्हणाले. पण जावयाला नाही म्हणणार कसं?

"आजच्या दिवस तरी प्रयोग नकोत हो!" बायकोने बजावलं. तिचंही बरोबर होतं. दुकानाचं निम्मं काम म्हणजे शाळेच्या वसतिगृहाच्या चादरी. ते काम देणारे मुख्याध्यापक आज निवृत्त होणार होते आणि त्यांच्या जागी येणाऱ्या, त्याच शाळेतल्या बाईंच्या मनात म्हणे दुसरीच लाँड्री होती. आज संध्याकाळी निरोप समारंभ. त्यात मुख्याध्यापकांच्या कोटावर एक सुरकुती जरी दिसली असती, तरी उद्यापासून आम्हाला चादरींची वाट बघत बसावं लागलं असतं.

पण मी कुठला थांबतोय! सकाळीच मी दुकानात कॉम्प्युटर मांडला, चादरींसकट दुकानात असलेले चारशे आठ कपडे नोंदवले आणि सासरेबुवांसमोर रीतसर चाचणी घेतली. एक खोटी नोंद केली. नंबर पडला चारशे नऊ. ती नोंद पुसली. दुसरी केली. नंबर पडला चारशे दहा!

"मग चारशे नऊ कुठे गेला?"

"मेला! मेलेला नंबर परत येत नाही, बाबा. यालाच म्हणतात शिस्त!"

सासरेबुवांनी मान डोलावली. मी तेवढ्यावर छाती फुगवून घेतली.

दुपारी जेवायच्या आधी एक जादूगार आला. काळा कोट, फक्त इस्त्रीसाठी. मी नंबर काढला, चारशे बारा. कोटाला चिठ्ठी टाचली, दुसरी त्याच्या हातात दिली आणि विचारलं, "आतल्या कप्प्यांत काय काय आहे? नोंदीत लिहायला हवं."

"कप्प्यांत?" जादूगार उसळला. "माझं पोट त्या कप्प्यांवर चालतं आणि तुम्ही ते लिहून काढणार? नको मला इस्त्री! रद्द करा!"

गिऱ्हाईक म्हणतं रद्द, तर रद्द! मी खाडकन नोंद पुसली. तेवढ्यात सासरेबुवा मध्ये पडले. "अहो, रागावू नका. कप्प्यांना कुणी हात लावणार नाही. मी स्वतः वरवर इस्त्री करतो." जादूगार निवळला आणि चिठ्ठी खिशात घालून निघून गेला. सासरेबुवांनी कोट होता तसा, चिठ्ठीसकट, दांडीवर अडकवला.

नोंद पुन्हा करायला हवी होती. पण पोटात कावळे ओरडत होते. म्हटलं, जेवून आल्यावर करू. आणि आमच्या सासरेबुवांची एक सवय आहे: जेवायला जाताना एखादी इस्त्री चालू राहू नये म्हणून ते दुकानाचा मेन स्विचच खाली ओढतात. इस्त्र्या गेल्या, दिवे गेले, माझा कॉम्प्युटरही गेला.

जेवून आलो तर मुख्याध्यापक दारात उभे! शाळेतली पोरं त्यांना छडीसर म्हणतात. त्यांना हसताना पाहिलेला माणूस गावात सापडायचा नाही. "हा कोट. इस्त्री. साडेतीनला." बस, एवढंच बोलले. मी घाईघाईने नोंद केली. नंबर पडला चारशे बारा. आकडा ओळखीचा वाटला, पण म्हटलं, असेल कुठेतरी पाहिलेला.

साडेतीनला सर आले. सासरेबुवांनी दांडीवरून चारशे बारा नंबरचा काळा कोट काढला, पिशवीत घातला आणि अदबीने हातात दिला.

पाचच्या सुमारास जादूगार आला. "माझा कोट."

मी चिठ्ठी पाहिली, कॉम्प्युटर पाहिला आणि हसलो. "चारशे बारा मुख्याध्यापकांचा आहे. ते घेऊनही गेले. तुमची चिठ्ठी बनावट आहे!"

"बनावट?"

"हे बघा, हातचलाखी स्टेजवर! इथे डेटाबेस आहे. एक नंबर दोघांना मिळूच शकत नाही. मी स्वतः तपासलंय!"

"जावईबापू," मागून सासरेबुवांचा आवाज आला. त्यांच्या हातात एक काळा कोट होता. त्यावर चिठ्ठी होती चारशे बारा. खिशात होता खडूचा तुकडा.

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. कॉम्प्युटर चालू असेपर्यंतच त्या डेटाबेसला मेलेले नंबर आठवत होते. बंद होऊन चालू झाला, की तो आपला यादीतला सगळ्यात मोठा नंबर बघायचा आणि त्याच्या पुढचा द्यायचा. जादूगाराची नोंद मी पुसलेली, त्यामुळे यादीत सगळ्यात मोठा चारशे अकरा! मी सगळं तपासलं होतं, फक्त बंद करून पुन्हा चालू करून पाहिलं नव्हतं.

"त्या कोटाचं एक बटण जरी ओढलं ना..." जादूगार म्हणाला आणि वाक्य अर्धंच ठेवून स्कूटरकडे पळाला. आम्ही तिघं एका स्कूटरवर बसून शाळा गाठली.

सभागृह खचाखच भरलेलं. छडीसर माइकसमोर उभे. "आज प्रथमच," ते म्हणत होते, "माझे डोळे किंचित पाणावले आहेत." आणि त्यांनी खिशातून रुमाल काढला.

लाल रुमाल. त्याला बांधलेला पिवळा. त्याला निळा. त्याला हिरवा! सासरेबुवांनी माझा दंड असा धरला की दोन दिवस वळ होता. सर मात्र डगमगले नाहीत. हजेरी घ्यावी तशा कडक चेहऱ्याने ते रुमाल ओढतच राहिले. शेवटचा रुमाल निघाला, त्याबरोबर बाहीतून फटकन फुलांचा गुच्छ उगवला. सरांनी क्षणभर गुच्छाकडे पाहिलं, मग शेजारी बसलेल्या बाईंकडे. दोघांमध्ये कित्येक वर्षं नोटिशींपलीकडे बोलणं नव्हतं. सरांनी गुच्छ बाईंना दिला.

सभागृह डोक्यावर घेतलं पोरांनी! आणि छडीसर हसले. "हा उद्योग कुणाचा, ते मी विचारणार नाही," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. "पोरांनो, असा निरोप मला कुणी दिला नसता."

मी खरं सांगायला तोंड उघडलं. सासरेबुवांनी ते हाताने बंद केलं.

समारंभानंतर गुच्छ हातात घेऊन बाई आमच्याकडे आल्या. "चादरींचं काम तुमच्याकडेच राहू दे," त्या म्हणाल्या. "सरांचा कोट आज किती शोभला!" सासरेबुवांचे डोळे भरून आले. मलाही भरून आलं, खोटं कशाला सांगू?

आता राहिला जादूगार. त्याला मी बनावट म्हटलं होतं. मी माफी मागणार, एवढ्यात त्यानेच माझा हात हातात घेतला.

"एका गिऱ्हाइकाचा नंबर गायब केलात," तो म्हणाला, "आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत दुसऱ्याच्या हातातून काढलात. स्वतःलाही पत्ता लागू दिला नाहीत! मला इतक्या वर्षांत हे जमलं नाही. माझ्याकडे मदतनीस म्हणून याल का?"

मी नम्रपणे नकार देणार होतो. माझी चांगली नोकरी आहे, नाव आहे, अनुभव आहे!

"कधीपासून पाठवू?" सासरेबुवांनी विचारलं.