चारी चाकं सारखी

उत्रोलीच्या इंद्रजितला आजवर कुणी फसवलं नव्हतं, आणि याचं सगळं श्रेय तो स्वतःला देत असे. कलिंगड तो कापून पाहिल्याशिवाय घ्यायचा नाही, आणि दुकानदारानं कापलं की नेमकं हेच का कापलं, अशी शंका काढायचा. आपल्या पोल्ट्रीवर खाद्याची पोती आली की तोंडाकडून नाही, बुडाकडून उसवून बघायचा.

असा माणूस स्पोर्ट्स कार घेईल असं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. पण पुण्याच्या एका बिल्डरची जुनी गाडी त्याच्या मनात भरली. पिवळीधमक, दोन दारांची, मांजरीसारखी जमिनीला पोट लावून बसलेली. घरी आणल्यावर त्यानं पुढचं बॉनेट उघडलं, तर आत रिकामी जागा. बिल्डरनं इंजिन काढून घेतलं म्हणून तो तडक पोलिसांकडं निघाला. वाटेत त्याच्या लक्षात आलं, की आपण त्याच गाडीतून चाललोय. इंजिन मागच्या बाजूला होतं.

भोरच्या रस्त्यानं लवकरच या गाडीच्या एका रिमला तडा दिला. नेमकं त्याच सुमारास विंझरला त्याच्या मेहुणीचं, सुलक्षणाचं लग्न ठरलं होतं, आणि इंद्रजित सासऱ्यांना, म्हणजे गेनबांना, शब्द देऊन बसला होता. "मामा, नवरदेवाचा परण्या आपल्या गाडीतनं निघंल. देवळापासनं मांडवापर्यंत सगळं गाव बघत राहील."

तेव्हा आता चारी रिम आणि चारी टायर नवीन घालायचे ठरले. बायकोला, प्रेरणाला, त्यानं बरोबर घेतलं. दोन डोळे जास्त असलेले बरे.

शिवऱ्याला हायवेच्या कडेला सोमनाथचं टायरचं मोठं दुकान होतं. सोमनाथ बोलका माणूस. गाडी बघताच तो हात पुसत बाहेर आला, गाडीभोवती एक फेरी मारली आणि आधी चहा मागवला.

"माल दाखवायच्या आदी चा पाजतोय," इंद्रजित प्रेरणाच्या कानाशी पुटपुटला. "मालात कायतरी खोट हाय."

सोमनाथनं एक काळाभोर रिम एका हातानं उचलून दाखवला. "शेठ, वजन बघा. फुलासारखा. रिम जेवढा हलका, तेवढी गाडी पळती."

"हलका म्हंजी पोकळ."

"पोकळ न्हाई, दाबून घडवलेला हाय."

"मग वजन कुठं गेलं?"

इंद्रजितनं दुकानातले सगळे रिम उचलून पाहिले आणि ज्याला उचलताना कण्हावं लागलं, तो पसंत केला.

मग टायर. त्यानं आधी वास घेतला, मग रबरात नख रोवलं. नख रुतलं.

"मऊ हाय."

"मऊच पायजे, शेठ. रस्त्याला चिकटून चालतो."

"चिकटायला मी काय गोचीड घ्याया आलोय?"

तेवढ्यात टायरच्या कडेला इंग्रजीत 'बाहेरची बाजू' असं छापलेलं त्याला दिसलं. त्यानं डोळे बारीक केले. "ही बाजू भाईर दावायची म्हंजी आतल्या बाजूला काय लपवलंय?"

सोमनाथनं निमूटपणे टायर उलटा केला. त्या बाजूवर 'आतली बाजू' असं छापलेलं होतं.

"ते तर छापणारच," इंद्रजित म्हणाला.

इथवर सोमनाथच्या चेहऱ्यावर हसू होतं. ते मावळलं, जेव्हा त्यानं चार टायर ओळीनं उभे केले. दोन अरुंद आणि दोन चांगलेच रुंद. इंद्रजित त्या टायरांकडं आणि मग सोमनाथकडं, केसातली ऊ सापडल्यासारखा बघत राहिला.

"या गाडीला असंच असतंय," सोमनाथ घाईघाईनं म्हणाला. "इंजिन मागं, म्हून मागले रुंद. पुढल्यांनी वळायचं, म्हून ते अरुंद. कंपनीनंच तसं दिलंय. तुमचे जुने बघा की, ते बी तसंच हायती."

इंद्रजितनं वाकून पाहिलं. होते खरे.

"म्हंजी बिल्डरला बी असंच गंडवलं व्हतं," तो म्हणाला.

प्रेरणा हळूच म्हणाली, "अहो, टॅक्टरचं न्हाई का, मागलं चाक मोठं, पुढलं बारकं?"

"टॅक्टर येगळा. ह्यो दोन गिऱ्हाइकांचा उरलेला माल आपल्या गळ्यात मारतोय. मला चारी चाकं सारखी पायजेत, रुंदच पायजेत."

सोमनाथनं समजावलं, हातवारे केले, कागदावर चित्र काढलं. तो जितकं समजावी, तितका इंद्रजितचा संशय पक्का होई. खऱ्या गोष्टीला एवढं बोलावं लागत नाही, असं त्याचं मत होतं. शेवटी सोमनाथनं हात टेकले. "बसवतो चारी रुंद. पर वळताना घासलं तर माझ्या दारात यायचं न्हाई."

"आता कसा वठणीवर आला," इंद्रजित म्हणाला.

हायवेला गाडी लोण्यासारखी पळाली. कापूरहोळला भोरकडं वळताना मात्र पुढच्या चाकाशी खर्रर्र असा आवाज झाला.

"घासतंय," प्रेरणा म्हणाली.

"नवीन हाय. बसंल हळूहळू."

पण मनात शंका आलीच. सोमनाथनं मुद्दाम काहीतरी सैल ठेवलं असणार, म्हणजे आपण परत जाऊ आणि तो आपल्या गळ्यात अरुंद टायर बांधेल. इंद्रजितनं परत न जाऊन हा डाव उधळून लावला. घरी एकेक नट स्वतः आवळला आणि वळणं जरा लांबून घ्यायला सुरुवात केली.

लग्नाच्या दिवशी विंझरला परण्याच्या मिरवणुकीसाठी गाडी झेंडूनं मढवली होती. नवरदेव रायबा तालमीत वाढलेला, अंगानं भरदार. तो फेटा सांभाळत आत बसला तशी गाडी त्याच्या वजनानं आणखी खाली टेकली. पुढं ताशा, मागं वऱ्हाड, दोन्ही बाजूंना मोबाईल उगारलेले लोक. देवळात नारळ फुटला, रायबानं नमस्कार केला, गाडी पुन्हा निघाली. आता फक्त डावीकडच्या बोळात वळायचं होतं. बोळाच्या तोंडाशी मांडव, मांडवाच्या दारात ओवाळायला बायका.

इंद्रजितनं स्टेअरिंग वळवलं. चाक कुठंतरी गच्च अडकलं. रेड्याच्या गळ्यातून निघावा तसा आवाज आला आणि जळक्या रबराचा वास सुटला. ताशेवाले दोन्हीकडं पांगले. चाक सुटावं म्हणून त्यानं स्टेअरिंग सरळ केलं, पाय दाबला, आणि चाक सुटलं. गाडी मांडवाला बगल देऊन वेल्ह्याच्या रस्त्याला लागली.

मागं वऱ्हाडाच्या जीप होत्या, उलटं येता येत नव्हतं. पुढचा रस्ता अरुंद, वळवायला जागा नव्हती.

"साडूभाऊ," थोड्या वेळानं रायबा म्हणाला, "मांडव मागं ऱ्हायला."

"व्हय. ठावं हाय मला."

"मग आपुन कुठं चाललोय?"

"जिथं वळंल तिथं."

रायबानं फेटा सारखा केला. मग पडल्या आवाजात म्हणाला, "खरं सांगा. सुलक्षणाला मी पसंत न्हाई का?"

"तसं न्हाई हो. गाडी वळत न्हाई."

एवढी महागाची गाडी वळत नाही, हे रायबाला पटण्यासारखं नव्हतं. त्यानं मुंडावळ्या बाजूला सारून आईला फोन लावला आणि दबक्या आवाजात सांगितलं, "आई, मला कुठंतरी न्हेत्यात."

मांडवात या फोननं आग लागली. वरपक्ष म्हणाला, पोराला पळवलं. वधूपक्ष म्हणाला, पोरगाच पळाला, आणि जावई त्याला सामील आहे. दोन्हीकडचे लोक एकाच टेम्पोत चढले आणि पाठलागाला निघाले. पुढं चार मोटारसायकली.

इंद्रजितला आरशात मोटारसायकली दिसल्या. लोक आपल्याला मारायला येतायत, असा त्याला संशय आला. या वेळी तो बरोबर होता. त्यानं वेग वाढवला. गाडी काय पळत होती, सरळ रस्त्याला तिला तोड नव्हती.

वेल्ह्याला एसटी वळते त्या मोकळ्या जागेत त्यानं एक ऐसपैस फेरी घेतली आणि गाडी एकदाची विंझरकडं तोंड करून उभी राहिली. निम्म्या वाटेवर टेम्पो आडवा आला. रायबाला बाहेर काढून टेम्पोत चढवलं, आणि नवरदेव हातातली कट्यार उंच धरून, उभ्यानं मांडवात पोचला. मुहूर्त टळला होता, पण भटजींनी दुसरा काढला आणि अक्षता पडल्या.

इंद्रजितनं गाडी बोळाच्या वळणाअलीकडं रस्त्यावरच ठेवली आणि चालत मांडवात आला. गेनबांनी त्याला स्वयंपाकाच्या चुलीमागं नेलं. प्रेरणाही होती. इंद्रजितनं सगळं सांगितलं. मागचे रुंद, पुढचे अरुंद, बाहेरची बाजू, आतली बाजू. एक शब्द खोटा नव्हता. गेनबांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"जावईबापू," ते म्हणाले, "चारी चाकं सारखी व्हती म्हून गाडी वळली न्हाई, हे मला बी पटंना, तर वऱ्हाडाला कसं पटावं? त्यांच्या मनात संशय ऱ्हायला तर पोरीला जड जाईल. म्हून म्या त्यास्नी सांगितलं, आमचा जावई सकाळपासनं प्यालेला व्हता. ते लगीच पटलं समद्यास्नी."

इंद्रजितनं प्रेरणाकडं पाहिलं. ती पदराचं टोक बघत होती.

त्यानं उभ्या आयुष्यात दारूला हात लावला नव्हता. पंगतीत व्याह्यांच्या शेजारी त्याचं पान मांडलं होतं, आणि सगळे त्याच्याकडंच बघत होते. इंद्रजितनं क्षणभर विचार केला, आणि पाटावर बसता बसता एक बारीकशी झोकांडी खाल्ली.