मोराचे टाके

दुष्काळाच्या तिसऱ्या वर्षी, म्हणजे सत्त्याऐंशी साली, सहकारी भरतकामाचं आधुनिकीकरण करणं अत्यावश्यक झालं. पाऊस पाडणं शासनाच्या हातात नव्हतं, संगणक होता. त्यामुळे कळंबजवळच्या एका गावातल्या महिला भरतकाम संस्थेचा मोर संगणकात भरण्यासाठी जिल्ह्याहून बलभीम नावाचे नोंदणी सहायक आले. पुढे भरतकामाचं यंत्र येईल आणि संगणकाच्या हुकमावरून हुबेहूब तसाच मोर भरील, अशी योजना होती. यंत्र कधी येणार, हे योजनेत नव्हतं.

"यात टाके किती?" बलभीम यांनी विचारलं.

संस्थेच्या अध्यक्षा फातिमाबी हसल्या. "म्या मोर भरला साहेब. टाके कोन मोजतंय?"

संगणकाला मोर कळत नाही, टाके कळतात, असं समजावून बलभीम यांनी भिंग काढलं. मोजणी चार दिवस चालली; मान दोनदा मोजावी लागली. अखेर आलेखाच्या कागदावर मोर चौकोनाचौकोनाने उतरला. वर गावाचं नाव आणि आकडा चढला : टाके – ४३१२.

जिल्ह्याच्या कार्यालयात संगणक एकच होता आणि तो टंचाई शाखेत होता, कारण तिथलाच पंखा चालू होता. टंचाई शाखेत टाके म्हणजे पाणी साठवायचं टाके. पुढच्या सोमवारी गावाचा टँकर बंद झाला.

तीन दिवस हंडे कोरडे राहिले. चौथ्या दिवशी फातिमाबी मोराचं कापड घेऊन टंचाई अधिकारी गुरुलिंगसाहेबांपुढे उभ्या राहिल्या.

"घरटी वीस टाकी!" साहेब म्हणाले. "बाई, लोभालाही मर्यादा असते."

"साहेब, हे मोराचे टाके हायत."

"मोरांनी पाणी प्यायला आमची हरकत नाही."

"अवो, सुईचे टाके! बगा की, हे कापडावर!"

साहेबांनी कापड खिडकीशी धरलं. माणूस सज्जन; चूक लगेच लक्षात आली. पण संगणकातला आकडा हाताने खोडायची तरतूद नव्हती. "टाके अस्तित्वात नाहीत असा पंचनामा आणा," ते म्हणाले. "टँकर त्याच दिवशी सोडतो."

कापडावर दिसणारे टाके नाहीत असं लिहायला बलभीम तयार नव्हते. मोर भरायला सहा आठवडे लागले होते. बायकांनी ब्लेडनं पिसारा उसवला, चोच उसवली. डोळा कुणालाच उसववेना. तो फातिमाबींनी रडत रडत स्वतः उसवला. बलभीम यांनी शेवटचा दोरा निघेपर्यंत मोजलं आणि पंचनामा लिहिला : "ग्रामस्थांनी ४३१२ टाके स्वहस्ते नष्ट केले." खाली पाच अंगठे घेतले.

पंचनामा जिल्ह्याला पोचेपर्यंत गुरुलिंगसाहेबांची बदली झाली होती. नव्या साहेबांनी तो वाचला आणि ते हादरले. पाणीसाठ्याची नासधूस करणाऱ्या गावाला टँकर देता येणार नाही, असा आदेश निघाला. पेपरात बातमीही आली : 'ऐन दुष्काळात गावकऱ्यांनी हजारो टाकी फोडली.'

ती आपणही वाचली होती. चहाचा दुसरा कप ओतून घेत आपण म्हणालो होतो, "अशा लोकांना पाणी द्यायचं तरी कशाला?"