ढोकूच्या बापाचा आवाज

"हूंऽऽ... हूंऽऽ... हूं-हूऽऽ."

दिवस कलंडला की केराबाई माळाच्या चढावर उभी राहून अशी हाक घालायची. हाकेत ना शब्द, ना नाव. पहिली जड, दुसरी त्याहून जड, आणि तिसरीला शेवटाशी एक हलकी मुरड, जात्यावरच्या ओवीला असते तशी. लांबवर पांगलेली मेंढरं माना वर करायची आणि निमूट माघारी फिरायची. ती जाळीच्या वाघरात शिरली, की केराबाई पदरानं तोंड पुसत नवऱ्याला विचारायची, "आवं, कसा हाय माझा आवाज?"

सिदू वाघराची गाठ मारता मारता म्हणायचा, "मेंढरं आली न्हवं? मग झालं की."

उभ्या जन्मात तिनं हे किती वेळा विचारलं असेल, पण उत्तर तेच. शेवटी ती स्वतःच स्वतःचं कौतुक गाऊन टाकायची:

दिस बुडाया लागला, माळ पिवळा पिवळा
माझ्या हाकंच्या दोरीनं, कळप बांधिते सगळा

मागल्या पावसाळ्याआधी तापाचं निमित्त झालं आणि केराबाई गेली. दोरी सुटली. सिदू काठी आपटी, शीळ घाली, शिव्याही देऊन बघे. नव्या मास्तराकडं पोरं बघतात तशी मेंढरं त्याच्याकडं बघत आणि पुन्हा खाली मान घालत. केराची हाक त्याच्या गळ्यात होती, पण ती त्यानं कधी तोंडातनं काढली नाही. तिचा फोटो तेवढा घरात होता, आधार कार्डावरचा, आणि त्यातही ती फोटोवाल्यावर रुसल्यासारखी दिसत होती.

अशात एक दिवस सून प्रियंका शहरातली एक पोरगी घेऊन आली. प्रियंका वस्तीवरची अंगणवाडी चालवायची. पोरीचं नाव अंकिता. सोलापुरात चादरीच्या दुकानाच्या माडीवर चारपाच पोरापोरींना घेऊन ती माळढोकावर कार्टूनचा सिनेमा काढत होती. माळढोक म्हणजे एके काळी या माळावर पाटलासारखा छाती काढून फिरणारा पक्षी. आता लोक गळ्यात दुर्बीण अडकवून त्याला शोधायला येतात आणि चहा पिऊन परत जातात.

"आमचे मामा समदी पाखरं बोलत्यात," प्रियंका अभिमानानं म्हणाली.

सिदूनं तित्तर बोलून दाखवला. मग टिटवी बोलून दाखवली, तर बांधावरनं खरी टिटवी भांडायला उठली. अंकिता खूष झाली. तिनं यंत्र पुढं केलं.

"आजोबा, आता माळढोक. आमच्या सिनेमात ढोकू नावाचं पिल्लू हरवतं आणि त्याचा बाप माळभर त्याला हाका मारत फिरतो. त्या बापाचा आवाज पाहिजे."

सिदूनं तोंड उघडलं आणि त्याच्या ध्यानात आलं, की आवाज येत नाही. लहानपणी पावसाच्या तोंडाला ऐकलेला तो घुमारा कुठंतरी पडून गेला होता. चार माणसांत आणि सुनेच्या देखत 'इसरलो' म्हणायची लाज वाटली. म्हणून त्यानं डोळे मिटले आणि गळ्यात जो एकच घुमारा उरला होता, तो सोडून दिला.

"हूंऽऽ... हूंऽऽ... हूं-हूऽऽ."

अंकितानं त्याच्या कानाला हेडफोन लावले. सिदू गपकन खाली बसला. कानात केरा उभी होती.

"बरोबर आलाय का, आजोबा? नाहीतर हा पुसते, परत घेऊ."

"पुसू नगं," सिदू घाईनं म्हणाला. "बरोबर हाय. त्योच हाय."

एवढंच खोटं. पण तेवढ्यावर केराचा आवाज जगात राहणार होता. खरं सांगितलं की पुसला जाणार.

सिनेमा तयार झाला आणि पहिला खेळ वस्तीवरच करायचा ठरला. शाळेच्या मैदानात पांढरी चादर ताणली. चाकांचा मोठा ट्रॉलीस्पीकर आला. पाहुणे म्हणून शहरातल्या पक्षीमित्र मंडळाचे अध्यक्ष बापूसाहेब आले. त्यांच्या जाकिटाला इतके खिसे होते, की चष्मा शोधण्यात त्यांची अर्धी संध्याकाळ गेली. सिदूला शाल, श्रीफळ आणि झेंडूचा हार मिळाला. प्रियंकानं त्याला पहिल्या रांगेत बसवलं. मैदानामागंच त्याचं वाघर होतं.

दिवेलागणीला खेळ सुरू झाला. ढोकू हरवला तशी पोरं हळहळली. मग पडद्यावर त्याचा बाप टेकाडावर चढला, मान फुगवली आणि स्पीकरमधनं हाक आली.

मागं एक मेंढी ओरडली.

शेजारची बजाबाई केराची जन्माची मैत्रीण. तिचा हात तोंडावर गेला. तिनं वळून हळूच म्हटलं, "सिदूभावजी, ढोकूचा बाप लई वळखीचा वाटतूय."

सिदू नारळाकडं बघत राहिला.

दुसऱ्या हाकेला वाघरात मेंढरांची घुंगरं वाजली. तिसऱ्या हाकेची मुरड पुरी व्हायच्या आत वाघर आडवं झालं आणि सगळा कळप मैदानात शिरला. खुर्च्या उलथल्या. पोरं बाकांवर चढली. बापूसाहेब उठायला गेले, तर चिंगी नावाची म्हातारी मेंढी त्यांच्या दोन पायांतनं घुसली आणि ते पाच पावलं उलट्या तोंडानं तिच्यावर बसून गेले. एका मेंढीनं सिदूच्या गळ्यातला हार खाल्ला. दुसरीच्या शिंगात दोरी अडकून चादर खाली आली, आणि उरलेला सिनेमा मेंढरांच्या पांढऱ्या पाठींवर दिसू लागला. ढोकू एका पाठीवरनं दुसऱ्या पाठीवर पळत बापाला शोधत होता.

मग मेंढरं थांबली. स्पीकरभोवती दाटीनं उभी राहिली, माना वर करून, गप. ज्यांनी केराला कधी बघितलंही नव्हतं ती कोकरं आयांच्या पोटाखालनं बघत होती.

बापूसाहेबांना चष्मा सापडला, तो चिंगीच्या पाठीवर. तो लावून त्यांनी समोर बघितलं आणि त्यांचा राग पार उतरला.

"अंकिता, हे बघतेस का तू? मेंढरांना माळढोकाचा आवाज कळतो. शेकडो वर्षांचा शेजार आहे हा."

"सर, मलाही तेच वाटतंय," अंकिता म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

"मग आता ऐक. मंडळातर्फे माळावर चार स्पीकर बसवू. रोज सकाळ-संध्याकाळ हाच आवाज लावू. असेल तिथनं माळढोक परत येईल."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. सिदूचे हात तेवढे वाजले नाहीत. रोज सकाळ-संध्याकाळ केरा माळावर हाक घालणार होती. नुसतं गप बसायचं होतं, आणि गप बसण्यात तर त्याचा जन्म गेला होता. पण एखादा चुकलामाकला माळढोक खरंच कुठं असला तर? बिचारा मान वर करून ऐकेल आणि म्हणेल, ह्यात माझं कुणी न्हाय.

तो उठला. "सायेब, त्या आवाजानं माळढोक यायचा न्हाय."

"का हो?"

"त्यो माळढोक न्हाय. ती माझी मंडळी हाय." लोक हसले, तसा तो थांबला. "म्हंजी तिची हाक हाय. मेंढरास्नी घालायची. माळढोकाचा आवाज मी इसरलो. सांगायची लाज वाटली."

"मामा," प्रियंका पुटपुटली.

"मग खरा आवाज कसा असतो?" अंकितानं विचारलं.

"सायेबांस्नी इचारा की."

बापूसाहेब खिसे चाचपू लागले. "प्रत्यक्ष असा... मोबाईलवर ऐकलाय मी. वारा फार होता त्यात."

"म्या ऐकला हुता," बजाबाई म्हणाली, "परकर नेसत हुते तवा. आता काय ध्यानात न्हाय."

सगळे त्या अंधारत्या माळाकडं बघत राहिले, जणू तिकडनंच कुणी उत्तर देणार होतं.

"ढोकूच्या बापाला आवाज नकोच," अंकिता शेवटी म्हणाली. "तो चोच उघडेल आणि काहीच ऐकू येणार नाही."

"आन् ह्ये पुसणार न्हवं?" सिदूनं विचारलं.

"नाही, आजोबा. सिनेमाच्या शेवटी एक बाई मेंढरं घरी नेते. तिच्या तोंडी घालते."

एवढं झालं तरी मेंढरं स्पीकरपासून हलेनात. सिदूनं काठी आपटली, शीळ घातली, काही उपयोग झाला नाही. तेव्हा दोन गडी स्पीकर ढकलत निघाले, मोबाईलवरनं तीच हाक पुन्हा पुन्हा लावत अंकिता मागं, आणि तिच्या मागं वरातीसारखा सगळा कळप. बापूसाहेब चष्मा पुसत शेवटच्या कोकराबरोबर चालले होते.

पुन्हा उभ्या केलेल्या वाघरात स्पीकर शिरला, तशी मेंढरंही शिरली. चिंगी स्पीकरला पाठ टेकून बसली. आता तो सकाळपर्यंत तिथनं निघणार नव्हता.

सगळे पांगले. सिदू वाघराची गाठ मारू लागला. आत स्पीकरचा बारका दिवा लुकलुकत होता. सवयीनं त्याच्या ओठांवर आलंच, "मेंढरं आली न्हवं? मग..."

तो थांबला. गाठ तशीच अर्धी हातात राहिली.

"ग्वाड हाय, केरे," तो म्हणाला. "लई ग्वाड हाय."