अख्ख्या वर्गाला ब

मानसशास्त्राच्या सरांनी परीक्षेच्या गठ्ठ्यातला पहिला पेपर उघडला आणि त्यात त्यांना त्यांची बायको भेटली. दुसऱ्या पेपरातही तीच. तिसऱ्यात तर एका उत्साही मुलाने तिचं चित्र काढून चष्म्याकडे बाण दाखवला होता.

चूक सरांचीच होती. ‘पाहण्यातल्या एका व्यक्तीची सवय घेऊन ती दोन दृष्टिकोनांतून स्पष्ट करा’ हा प्रश्न त्यांनी मोठ्या हौसेने काढला होता. आणि महिन्यापूर्वी, दुपारच्या तासाला पेंगणारी मुलं जागी करायला, त्यांनी ‘माझ्या ओळखीच्या एक बाई’ वर्गात आणल्या होत्या. त्या बाई घरातून निघताना गॅस बंद आहे का बघतात, कुलूप लावतात, जिना उतरतात, आणि परत वर जाऊन गॅस बघतात. चष्मा सारखा करत बटणाकडे वाकून बघण्याची नक्कल तर सरांनी इतकी झकास केली की मुलं पोट धरून हसली. आता परीक्षेत नवा माणूस शोधायला कोण बसतंय? सगळ्यांनी सरांचंच उदाहरण सरांना साभार परत केलं होतं. एकाने तर प्रामाणिकपणे लिहिलं होतं, ‘ओळखीच्या बाई म्हणजे कोण, हे वर्गाला ठाऊक आहे.’

ठाऊक असणारच. त्या बाई शेजारच्या वर्गाला तोच विषय शिकवत होत्या.

इथवर सरांनी हसून सोडून दिलं असतं. पण शाळेचा एक नियम होता. अ आणि क श्रेणीचे पेपर त्याच विषयाच्या दुसऱ्या शिक्षकाने तपासायचे. आणि दुसरा शिक्षक म्हणजे बाईच.

क श्रेणीचा पेपर शोधायला फार लांब जावं लागलं नाही. चित्रकाराने लिहिलं होतं, ‘या बाई वेड्या आहेत. घरच्यांबद्दल सहानुभूती वाटते.’ संपलं उत्तर. हा कागद बाईंच्या हाती पडला तर घरच्यांना सहानुभूतीची खरंच गरज लागेल, हे सरांना कळत होतं.

पण खरी धास्ती अ श्रेणीच्या पेपरची होती. तो होता शेवटच्या बाकावरच्या मुलीचा, जिला वर्ग ‘पण’ म्हणायचा, कारण तिचं प्रत्येक वाक्य “पण सर” असं सुरू व्हायचं. सर स्वतःच वर्गात घसा कोरडा करून सांगत, “व्याख्या पाठ करून लिहिलीत तर क. ती उदाहरणाला नीट लावलीत तर ब. आणि अ कुणाला? जो दोन्ही बाजू बघतो, आणि मग स्वतःच्या पुराव्यावरही शंका घेतो!” मुलीने हे फारच मनावर घेतलं होतं. सवय कशी जडते, भीतीने माणूस पुन्हापुन्हा का तपासतो, दोन्ही सुरेख लिहून तिने शेवटी म्हटलं होतं : ‘पण ही माहिती आपल्याला एकाच माणसाकडून मिळाली आहे. बाई गॅस का बघतात हे तो सांगतो. गॅस चालू कोण ठेवतं, हे तो सांगत नाही. त्याला ते माहीत नसेल, किंवा तो स्वतःच असेल. त्यामुळे न बघणाऱ्यांचाही अभ्यास व्हायला हवा.’

सरांनी कपाळाचा घाम पुसला. पंचवीस वर्षांच्या नोकरीत इतकं चांगलं उत्तर त्यांनी वाचलं नव्हतं, आणि ते आपल्यावर असेल असं तर स्वप्नातही नव्हतं.

मग त्यांना युक्ती सुचली. ब श्रेणीचे पेपर दुसऱ्या कुणाकडे जात नाहीत! त्यांनी चित्रकाराला ‘रेखाटन नीटनेटके’ म्हणून ब दिला. ‘पण’ला ब देताना मात्र पेन अडखळलं. ‘उत्तर थोडे लांबले’ असा शेरा मारून त्यांनी पेपर घाईघाईने गठ्ठ्याच्या तळाशी सरकवला. त्यांना स्वतःचीच लाज वाटली, पण घरातल्या शांततेची किंमत त्यांना जास्त वाटली.

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापिकांनी त्यांना बोलावलं.

“सर, अख्ख्या वर्गाला ब? एकही हुशार नाही नि एकही ढ नाही?”

“यंदाची बॅच जरा… समतोल आहे, मॅडम.”

“समतोल? तुमच्या वर्गातल्या एकाने काल फळ्याच्या डस्टरने डबा पुसला.” मॅडमनी गठ्ठा उचलला. “काहीतरी गोंधळ आहे. सगळेच पेपर पुन्हा तपासून घेऊ. बाईंकडे पाठवतेय.”

“सगळे?”

“सगळे.”

दोन पेपर लपवायला गेलेल्या सरांनी अशा रीतीने सगळेच पेपर बायकोच्या हवाली केले.

संध्याकाळी बाई जेवणाच्या टेबलावर गठ्ठा घेऊन बसल्या. सरांनी वाळलेले कपडे घडी करायला घेतले. एरवी त्या कामाकडे ते ढुंकूनही बघत नसत. बाईंनी पहिला पेपर वाचला, दुसरा वाचला. चित्राकडे जरा जास्त वेळ बघितलं. सरांनी एकाच टॉवेलची पुन्हापुन्हा घडी घातली. गठ्ठ्याच्या तळाचा पेपर वाचताना बाईंनी चष्मा सारखा केला, थेट सरांच्या वर्गातल्या नकलेसारखा.

“अहो, हिला ब का दिलात?”

“लांबलं होतं जरा.”

“काय लांबलं? उत्तर की तुमचं तोंड?”

सरांनी घडी घातलेला टॉवेल पुन्हा उलगडला.

“पोरगी बरोबर बोलतेय,” बाई म्हणाल्या. “तुम्ही या शाळेत लागलात, तो पहिला दिवस आठवतो? दूध तापत ठेवून तुम्ही निघालात. मी छत्री विसरले म्हणून वर आले, तर स्वयंपाकघरात धूर. पातेलं काळं ठिक्कर. तेव्हापासून बघते मी.”

“आणि मला बोलली नाहीस?”

“नव्या वर्गापुढे उभे राहणार होतात. सकाळपासून धास्तावलेले होतात. अजून घाबरवू कशाला?”

“म्हणजे ते पातेलं…”

“हो, तेच. चांगलं पातेलं टाकून दिलं म्हणून तुम्ही आठवडाभर मला उधळी म्हणत होतात.”

ज्या सवयीवर सरांनी वर्ग हसवला, ती सवय त्यांनीच लावली होती.

“चुकलो गं,” ते म्हणाले. “रागावली आहेस?”

“नक्कल कशी केलीत ते आधी दाखवा. मग ठरवते.”

सरांनी भीत भीत टॉवेल खांद्यावर टाकला, नसलेला चष्मा सारखा केला आणि शेगडीपाशी वाकले. बाई आधी ओठ दाबून बसल्या, मग खो खो हसल्या. सरांच्या छातीवरचा धोंडा उतरला. इतकं हलकं त्यांना गठ्ठा हातात आल्यापासून वाटलं नव्हतं.

बाईंनी लाल पेन काढलं. ‘पण’च्या पेपरावरचा ब खोडून ठसठशीत अ लिहिला. चित्रकाराला क देऊन खाली शेरा मारला : ‘सहानुभूती कोणाला द्यावी, याचा फेरविचार करावा. चित्र छान.’

सकाळी दोघं निघाले. कुलूप लावून बाई जिना उतरल्या आणि तशाच फाटकाकडे चालू लागल्या. मागे वळूनही बघितलं नाही. सर मधल्या पायरीवर थबकले.

“गॅस बघितलास ना?”

“नाही. आज चहा तुम्ही केलात.”

“मी बंद केलाय,” सर म्हणाले. दोन पायऱ्या उतरले. “केलाय बहुतेक.” आणि एकदम वळून वर पळाले.

बटण बंद होतं. सरांनी वाकून बघितलं, बोटाने चाचपून बघितलं आणि सुटकेचा निःश्वास टाकला. कुलूप लावून ते धापा टाकत खाली आले, फाटकापर्यंत पोचले आणि पुन्हा थांबले. त्यांची नजर वरच्या खिडकीकडे गेली.

“जा,” बाई पर्स काखेत धरून म्हणाल्या, “मी थांबते. तुम्ही माझ्यासाठी कधी थांबला नाहीत, पण जा.”