मुलाकातीची अर्जी

आमचे शेजारी इस्राएल मुन्शी रोज सकाळी देवाला अर्जी लिहीत. कोऱ्या कागदावर, उर्दूत, वर मायना आणि खाली सही. मग शेरवानीची बटणं गळ्यापर्यंत लावून, जोडे काढून, अंगणाच्या मधोमध उभे राहत आणि ती खणखणीत आवाजात वाचत. वाचून झाली की घडी घालून ट्रंकेत टाकत, जोडे चढवत आणि कचेरीला जात. मी मिशनच्या शाळेत मास्तर होतो. आमच्या दोन घरांत एक बुटकी भिंत होती, त्यामुळे घड्याळ घ्यायचा खर्च मला कधी पडला नाही.

तेव्हा निजामाचा अंमल होता आणि जालन्याच्या कचेरीचा सगळा कारभार उर्दूत चाले. भोकरदनकडून नाहीतर मंठ्याहून आलेल्या माणसाला आपलं गाऱ्हाणं साहेबापुढे घालायचं, तर बाहेर लिंबाखाली अर्ज्या लिहून देत बसलेल्या अर्जीनवीसाला गाठावं लागे. त्या रांगेत मुन्शींचं अक्षर पहिल्या नंबरचं. साहेबलोकांशी कसं बोलावं, यात त्यांचा उभा जन्म गेला होता. देव तर साहेबांचा साहेब. त्याच्याशी घरच्यासारखं बोलणं त्यांना बेअदबी वाटे.

त्यांची अर्जी मला पाठ झाली होती. ‘हुजूर खुदावंदांच्या सेवेत. फिदवी इस्राएल वल्द पौलस, राहणार जालना, अर्ज करतो की फिदवीला एकदा मुलाकात मिळावी.’ फिदवी म्हणजे आपला ताबेदार. बस, एवढंच. पाऊस नाही, बरकत नाही. मूलबाळ त्यांना नव्हतं, पण तेही कधी मागितलं नाही. बावीस वर्षं एकच मागणी चालली होती, देवाने एकदा भेटावं.

“रोज तेच तेच ऐकून देवाचे कान किटले असतील,” रिबकामावशी चुलीपाशी बसून म्हणे. ही त्यांची बायको. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं, आणि त्यामुळे तिचं काही अडलंही नव्हतं.

“अर्जी पडून हाये, खारीज न्हाई झाली,” मुन्शी म्हणत. “खारीज झाली असती तर कळलं असतं.”

स्वतःपुरतं ठेवलं असतं तर कुणाची हरकत नव्हती. पण आमच्या चर्चच्या मंडळीच्या प्रार्थनासभेतही त्यांचा धंदा सुटत नसे. एकदा आमच्या एका वडीलधाऱ्या सभासदाने घामाघूम होऊन लांबलचक प्रार्थना केली. पाऊस मागितला, मुलाची बदली मागितली, बायकोची कंबर मागितली, म्हणजे बरी मागितली, आणि शेवटी बैल. सभा सुटल्यावर मुन्शींनी त्यांना बाजूला घेतलं. “साहेब, दिल से झाली, पण बराबर न्हाई झाली. एका अर्जीत चार मागण्या. कोणत्या खात्यात जाईल ती? आन् एक इचारू का? एवढं समदं मागितलं, मंग त्यालाच काहून न्हाई मागितलं?”

ते गृहस्थ पुढचे दोन महिने सभेत मनातल्या मनात प्रार्थना करत होते.

चर्चच्या पाळकसाहेबांकडे तक्रार गेली. ते भले माणूस. मुन्शींना समजवायला आले आणि खाटेवर बसून म्हणाले, “मुन्शीजी, देव आपला बाप आहे, तहसीलदार नाही.”

“बिलकुल बराबर,” मुन्शी म्हणाले. “बाप हाये. म्हणूनच तर भेटावंसं वाटून राह्यलं. तुमची झाली का मुलाकात, साहेब?”

पाळकसाहेबांनी चहा संपवला. त्या रविवारचा त्यांचा उपदेश मात्र फार आखूड झाला.

मग एका उन्हाळ्यात संजीवन सभा भरल्या. नगरकडून उपदेशक आले होते. माणसं उठून साक्षी द्यायला लागली, मला प्रभू भेटला, मलाही भेटला. मुन्शी कागद-दौत घेऊन पहिल्या सतरंजीवर. साक्ष संपली की त्या माणसाला गाठून विचारत, कुठं भेटला, कोणत्या वक्ताला, आपण बसलेले होते की उभे. लोकांना वाटलं हा टवाळी करतो. मलाही तसंच वाटलं होतं. पण जवळ जाऊन पाहिलं तर त्यांचा चेहरा जत्रेत हरवलेल्या माणसाचा पत्ता विचारणाऱ्यासारखा होता.

शाळेत पाणी भरणाऱ्या साराबाईने सांगितलं, “चुलीपाशी, भाकरी थापताना. एकदम भरून आलं.” मुन्शींनी ते लिहून घेतलं आणि घरी येऊन चार दिवस शेरवानीसकट चुलीपाशी बसले. डोळे लाल झाले ते धुराने. पाचव्या दिवशी रिबकामावशीने फुंकणी उगारून त्यांना हाकललं. “तिला भेटला, कारण ती भाकरी करत होती! तुमी नुसतं वाट अडवून राह्यले!”

असं सगळं हसण्यावारी चाललेलं असताना रिबकामावशी आजारी पडली.

मुदतीचा ताप. दवाखान्यात नेली. अठरा दिवस ताप हटेना, माणसं ओळखू येईनात. डॉक्टरीणबाईंनी मला व्हरांड्यात बोलावून सांगितलं, आता आमच्या हातात काही नाही, प्रार्थना करा. मंडळी मुन्शींभोवती जमली. सगळ्यांच्या तोंडी एकच, मुन्शीजी, तुम्ही लिहा, तुमच्याइतकी अर्जी कुणाला येते?

मुन्शी बाकावर ताठ बसले होते. म्हणाले, “माझी एक पडून हाये. ती असताना दुसरी न्हाई देता येत.”

माझं डोकं फिरलं. “तुमच्या त्या मुलाकातीला आग लावा,” मी म्हणालो. शेजारी, त्यात वयाने मोठे, पण मी म्हणालो. “इथं बाई मरायला टेकलीय आणि तुम्हाला कायदा सुचतोय?” मी घरी निघून आलो. दगडाला पाझर फुटेल, पण या माणसाला नाही, असं मी माझ्या बायकोजवळ बोललो. ते वाक्य मला अजून टोचतं.

दुसऱ्या दिवसापासून अंगणातला आवाज बंद झाला. मला वाटलं, दवाखान्यात असतील. विसाव्या दिवशी ताप उतरला. पंधरवड्याने रिबकामावशी टांग्यातून घरी आली, हाडांचा सापळा झालेली, पण टांगेवाल्याशी हुज्जत घालत. मंडळीने उपकारस्तुतीची सभा घेतली. मुन्शी दाराजवळच्या सतरंजीवर बसले.

अंगण मात्र गप्पच राहिलं. सकाळी ते शेरवानी घालत, जोडे चढवत आणि सरळ कचेरीला जात. शाळेला मला दोनदा उशीर झाला. भिंतीवरून विचारलं तर म्हणाले, “काम जास्ती हाये, मास्तर.” बावीस वर्षांत त्यांना काम कधी जास्त झालं नव्हतं.

महिन्याभराने एका दुपारी रिबकामावशी एक कागद घेऊन आली. ट्रंक उन्हात टाकताना अर्ज्यांच्या गठ्ठ्यावर सापडला होता. बाकीच्या चार ओळींच्या आणि हा पानभर, म्हणून तिला शंका आली. “काय लिव्हलं बघा बरं. घरबीर तर न्हाई ना लिहून दिलं कुणाला?”

मी वाचू लागलो. तारीख तापाच्या अठराव्या दिवसाची. ‘फिदवीची मुलाकातीची अर्जी आजपासून रद्द समजावी. फिदवी ती राजीखुशीने मागे घेतो आणि पुन्हा कधीही दाखल करणार नाही. तिच्या बदली फिदवीची बायको रिबका हिला घरी पाठवावं. फिदवीला हुजुरांच्या भेटीची फार आस होती. पण हिच्याशिवाय फिदवीला अंगणात उभं राहवत नाही.’

पुढची ओळ शाई पसरून गेलेली होती. ती काही मला लागली नाही.

मावशी पदराचं टोक पिळू लागली. “मुलाकात म्हंजी ते रोजचं? तेच सोडलं?”

“हो.”

“माझ्यापायी?”

“हो, मावशी.”

“येडं माणूस,” ती म्हणाली आणि रडायला लागली. मग डोळे पुसून ताठ बसली. “मास्तर, माझ्या नावानं एक लिवा. त्यांनी जबान दिली, ते न्हाई मागणार. म्या कुठं दिली जबान? म्हणा, मी घरी आल्ते, बरी हाये, तुझी मेहेरबानी. आता ह्यांना भेट. एकदा तरी भेट.”

“उर्दूत लिहू की मराठीत?”

“मला येतं त्याच्यात. त्याला समदं येतं.”

मी लिहिलं. तिने अंगठा उठवला. वाचता येत नव्हतंच, पण दुसऱ्या सकाळी कागद दोन्ही हातांत धरून ती अंगणाच्या मधोमध उभी राहिली आणि गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात बोलू लागली. अर्ध्या वाटेवर तिला हुंदका आला. मुन्शी एक जोडा घालून बाहेर आले, तो काढला आणि तिच्या शेजारी येऊन उभे राहिले. मी भिंतीमागे खाली बसलो. पाहू नये असं ते काही होतं.

शाळा आणि कचेरी एकाच वाटेवर असल्याने त्या दिवशी आम्ही बरोबर निघालो. त्या जुन्या बोलण्याची मी माफी मागितली. ती त्यांना ऐकूच आली नसावी. कुंडलिका नदीच्या पुलावर ते थांबले.

“मास्तर, ती बोलून राह्यली होती ना, तवा दुसऱ्या अंगाला कुणीतरी येऊन उभं राह्यल्यासारखं वाटलं. अगदी खांद्याला खांदा.”

मीही थांबलो. “मग? कोण होतं?”

“काय सांगू? हुजूर आले की मान खाली घालायची असती. जन्माची सवय.” त्यांनी पाण्याकडे पाहिलं. “म्या वर न्हाई पाह्यलं.”

कचेरीसमोर लिंबाखाली त्यांनी पेटी मांडली. पहिलं गिऱ्हाईक समोर येऊन बसलं होतं. मुन्शी दौतीचं झाकण काढू लागले, पण ते उलटंच फिरवत राहिले. शेवटी मीच काढून दिलं.